शेतांतील लहान विद्युत्-उपकरणें पाण्यापासून सांभाळण्याचे स्वस्त उपाय

आमच्या सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा. वार्षिक सरासरी ५५० मिलिमीटरांच्या आसपास. अशा कोरड्या मुलखांत पाण्यापासून उपकरणें वांचविण्याचा विचार कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येण्याचा संभव आहे. परंतु मुलूख कोरडा म्हणूनच मनुष्य याबाबत बेसावध राहतो. आठ महिने उघड्यावर टांगलेली पेटी कांहीं बिघडत नाहीं. पुढें भाद्रपद-आश्विनांत परतीचा पाऊस एका रात्रींत येतो आणि पेटींतील सर्व सामान निकामी करून जातो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टि व सप्टेंबर २०२५ मध्यें सीना नदीस आलेला पूर हे दोन प्रसंग जिल्ह्यांतील शेतकरी विसरलेले नाहींत. शिवाय पाऊस नसला तरी थंडींतील दंव आहे, फवारणीचे तुषार आहेत, ठिबकाची फुटकी नळी आहे. पाणी या सर्व वाटांनीं येतें.

पूर्वीं शेतांत वीज म्हणजे विहिरीवरील मोटार व तिचा स्टार्टर, एवढीच असे. हल्लीं मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारें उपकरण, जमिनींतील ओलावा सांगणारा मापक, टाकी भरल्याची सूचना देणारा तरंगता स्विच, ठिबकाचे वॉल्व्ह वेळेवर उघडणारें घड्याळ, तपमान व पानांवरील ओल टिपणारें लहान हवामान-यंत्र, असें किती तरी सामान बांधावर आलें आहे. यांपैकीं कांहीं बाजारांतून तयार येतें व कांहीं शिकणारीं मुलें सुटीच्या दिवसांत आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ या नांवाचे छोटे बोर्ड आणून घरींच जुळवितात. ही हौस स्तुत्य आहे व तिचा शेतीस उपयोगही आहे. मात्र टेबलावर उत्तम चालणारें यंत्र शेतांत पहिल्याच पावसाळ्यांत बंद पडतें, आणि मग घरांतील वडील माणसें म्हणतात, ‘हे सारे खेळ आहेत.’ यंत्रांत दोष नसतो. त्यास घर नीट मिळालेलें नसतें.

ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये. डाळिंबाच्या बागेस फळ पोसतेवेळीं पाण्याचा ताण पडला व नंतर एकदम भरपूर पाणी मिळालें, तर फळें तडकतात. वॉल्व्ह उघडणारें घड्याळ दोन दिवस बंद राहिलें आणि मालकास तें कळलें नाहीं, तर पांचशें रुपयांच्या बोर्डापायीं वर्षाचें उत्पन्न उणें होतें. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, मोबाईलचें उपकरण पावसांत बंद पडलें म्हणजे मनुष्य काळोखांत, ओल्या पायांनीं, ओल्या हातांनीं विहिरीवरील स्टार्टरपाशीं जातो. ज्या फेरीपासून तें उपकरण त्यास वांचवावयाचें, तीच फेरी त्यास सर्वांत वाईट रात्रीं करावी लागते. सबब हा लेख पैशाच्या बचतीइतकाच जिवाच्या रक्षणाचाही आहे.

प्रारंभींच एक मर्यादा सांगतों. येथें सांगितलेले उपाय ५ ते १२ व्होल्टांवर चालणाऱ्या लहान बोर्डांसाठीं आहेत. २३० किंवा ४१५ व्होल्टांचा स्टार्टर, त्याची पेटी व त्याचें अर्थिंग हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें. लहान बोर्ड व मोठी वीज यांस एका पेटींत कोंबूं नये. दोन्हींच्या पेट्या वेगळ्या असाव्या.

पाणी आंत कसें शिरतें

पाणी पेटींत तीन वाटांनीं शिरतें. पहिली वाट सर्वांस दिसते: झांकणाची फट, वरच्या बाजूचें भोक, सैल स्क्रू. दुसरी वाट वायरीची. पाऊस वायरीवर पडतो, वायरीच्या उतारानें वाहत येतो आणि ती जेथें पेटींत शिरते तेथें तोही शिरतो. इतकेंच नव्हे, तर वायरीचें टोंक ओल्या जागीं उघडें राहिल्यास तिच्या आवरणाखालीं तांब्याच्या बारीक तारांच्या सांदींतूनही, दिव्याच्या वातींत तेल चढावें त्याप्रमाणें, पाणी पुढें सरकतें.

तिसरी वाट डोळ्यांस दिसत नाहीं व तिनेंच पुष्कळ यंत्रें मरतात. ती म्हणजे पेटीचा श्वास. दुपारीं उन्हांत टांगलेल्या पेटींतील हवा सहज ६० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते व बारीकशा फटींतून कांहीं बाहेर जाते. संध्याकाळीं एकाएकीं वळवाची सर येऊन पेटी २५ अंशांपर्यंत निवाली कीं, आंतील हवा सुमारें एकदशांशानें आकसते. पेटी अगदीं घट्ट असेल तर त्यायोगें आंत जी ओढ उत्पन्न होते, ती १ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी असते. म्हणजे बाहेर नुसता पाऊस असतांही पेटी जणूं १ मीटर पाण्यांत बुडाली आहे अशा जोरानें तिच्या सांध्यावरील पाणी आंत ओढलें जातें. ज्या फटींतून नुसत्या पावसानें थेंबही गेला नसता, तींतून आतां तो जातो.

पाणी न शिरतां नुसती दमट हवा शिरली तरी काम बिघडतें. ३० अंश तपमानाची पूर्ण दमट हवा एका घनमीटरांत सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें धरून ठेवते. २० अंशांस ती सुमारें १७ ग्रॅमच धरूं शकते. ५ लिटरांच्या पेटीचा हिशेब केला तर एका रात्रींत थेंब-दीड थेंब पाणी आंतल्या आंत दंवासारखें सुटतें. एक थेंब म्हणजे कांहींच नाहीं, असें वाटेल. परंतु दुसरे दिवशीं पेटी पुन्हां श्वास घेते व पुन्हां थेंब टाकते. पाण्यास आंत येण्याची वाट आहे आणि बाहेर जाण्याची नाहीं, अशा पेटींत महिन्याभरांत तळें सांचतें. ज्यांनीं पावसाळ्यानंतर ‘हवाबंद’ म्हणून ठेवलेली पेटी उघडली असेल, त्यांनीं तें पाहिलेंच असेल.

यावरून या सर्व विषयाचें मूळ सूत्र निघतें: बंद पेटी ती कोरडी पेटी नव्हे. पाण्यास नुसतें अडवून भागत नाहीं. आलेल्या पाण्यास जावयास वाटही ठेवली पाहिजे.

ओलावा बोर्डाचें काय करतो

शुद्ध पाणी विजेचें फार मंद वाहक आहे. परंतु शेतांत शुद्ध पाणी कोठेंच नसतें. धूळ, घामाचे हात, खतें व फवारणीचीं औषधें यांतील क्षार त्यांत उतरतात व तें चांगलें वाहक बनतें. बोर्डावरील दोन टांक्यांमध्यें अशा पाण्याचा पातळ पापुद्रा बसला व त्यांतून एकाच दिशेनें प्रवाह वाहूं लागला कीं, धन बाजूचें तांबें विरघळूं लागतें. बोर्डावर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसते ती याचीच खूण होय. यास्तव भिजलेला बोर्ड चालू ठेवणें हें भिजण्याहून वाईट. ज्या बोर्डांत वीज नव्हती तो भिजूनही बहुधा वांचतो. ज्यांत वीज होती तो झिजतो.

डाळिंब व द्राक्षांच्या बागायतदारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बोर्डो मिश्रण हें मोरचूद व चुना यांचें असतें. तें उपकरणावर उडाल्यास वाळून क्षारांचा थर बसतो व पुढील दंवानें तो थर पुन्हां वाहक होतो. तसेंच ठिबकाच्या नळ्या धुण्याकरितां आणलेलें हायड्रोक्लोरिक ॲसिड ज्या खोलींत ठेवतात, तेथें कोणतेंही विद्युत्-उपकरण ठेवूं नये. त्याच्या वाफेनें तांबें व टांके पाण्याशिवायही खातात.

प्रथम जागा, मग पेटी

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जागेची निवड. त्यास पैसा लागत नाहीं. पेटी जमिनीपासून निदान छातीइतकी उंच असावी. ओढ्याकांठीं किंवा नदीच्या पट्ट्यांत मागील पुराची खूण पाहून तिच्यावर ठेवावी. झाडाच्या, भिंतीच्या अथवा सौर-पट्टीच्या सावलींत, शक्य तर उत्तरेच्या बाजूस ठेवावी. सावलीचा लाभ दुहेरी आहे. पेटी कमी तापते म्हणून तिचा श्वास लहान होतो, आणि उन्हानें प्लास्टिक ठिसूळ होत नाहीं. सावली नसेल तर पेटीवर चार बोटें अंतर सोडून पत्र्याचा किंवा जुन्या फरशीचा तुकडा छपरासारखा बसवावा व पेटीस पांढरा रंग द्यावा. मोबाईलच्या संदेशावर चालणारें उपकरण लोखंडी पेटींत ठेवूं नये. लोखंडांतून रेडिओचे तरंग जात नाहींत, प्लास्टिकांतून जातात.

पेटीचे दोन प्रकार

पेटी दोन प्रकारची करतां येते: श्वास घेणारी अथवा पूर्ण बंद. ज्यानें जी निवडली तिचेच नियम पाळावे. अर्धी ही व अर्धी ती, म्हणजे वरून गळकी व खालून बुजविलेली, ही सर्वांत वाईट.

श्वास घेणारी पेटी ही आमच्या मतें शेतास अधिक योग्य. आपल्याकडील घोंगडीचें उदाहरण घ्यावें. घोंगडी कांहीं हवाबंद नसते. तरी धनगर ती डोक्यावरून घेऊन पावसांत उभा राहतो, कारण पाणी तिच्यावरून निथळतें व अंगाची वाफ बाहेर जाते. पेटीही तशीच असावी. वर व बाजूंस एकही भोक नको. सर्व भोकें तळाशीं. तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यांत ३ मिलिमीटरांचें एक भोक मुद्दाम पाडावें व त्यावर आंतून बारीक जाळी चिकटवावी. जाळी अवश्य हवी, नाहीं तर मुंग्या घर करतात. त्याहून मोठ्या भोकांतून पाली शिरतात व दोन टांक्यांमध्यें अडकून स्वतः मरतात आणि बोर्डही मारतात.

याहूनही स्वस्त युक्ति पाण्याच्या पाइपाची आहे. शेतकऱ्याच्या घरीं पी.व्ही.सी. पाइपाचे तुकडे पडलेलेच असतात. ११० मिलिमीटर व्यासाचा, हातभर लांबीचा तुकडा घ्यावा. एका टोंकास टोपी सोल्युशन लावून पक्की बसवावी. बोर्ड लांकडाच्या अथवा प्लास्टिकच्या पट्टीवर बांधून पट्टी आंत सरकवावी, अशी कीं बोर्ड वरच्या अर्ध्या भागांत राहील. मग टोपीचें टोंक वर व उघडें तोंड खालीं करून पाइप खांबास उभा बांधावा. तोंडास जाळी लावावी आणि वायरी खालून घ्याव्या.

याचें तत्त्व पाहावयाचें असल्यास घरांतील तांब्याच्या तळाशीं आंतून कागदाचा तुकडा चिकटवून, तांब्या उलटा धरून सरळ बादलींत दाबावा. कागद कोरडाच राहतो, कारण आंतील हवेस जावयास वाट नसते. हाच न्याय पुरांत उपयोगी पडतो. पाइपाची टोपी हवाबंद असेल व पाइप उभा राहिला, तर त्याचें तोंड १ मीटर पाण्याखालीं गेलें तरी आंत पाणी पाइपाच्या उंचीच्या सुमारें अकराव्या हिश्शापर्यंतच चढतें. आंतील हवा निवून आकसल्यामुळें आणखी थोडें चढेल. परंतु वरच्या अर्ध्यांत असलेला बोर्ड कोरडा राहील. मात्र टोपीस एखादा स्क्रू मारून भोक पाडलें कीं ही सारी विद्या व्यर्थ, हें विसरूं नये.

पूर्ण बंद पेटी ज्यांस हवी, त्यांनीं विजेच्या दुकानांत मिळणारी रबरी पट्टीची प्लास्टिक पेटी घ्यावी. तिच्यावर आय.पी. हीं अक्षरें व दोन आंकडे असतात. पहिला आंकडा धुळीचा व दुसरा पाण्याचा. आय.पी. ६५ म्हणजे धूळ मुळींच शिरत नाहीं व नळीनें पाण्याची धार मारली तरी बाधत नाहीं, आय.पी. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यांत अर्धा तास राहिली तरी बाधत नाहीं. परंतु हा आंकडा अखंड पेटीचा असतो. आपण तिला जें भोक पाडतों तें जितकें नीट बुजवूं, तितकीच ती पेटी पुढें चांगली.

घरांतील कडीच्या झांकणाचा खाद्यपदार्थांचा डबाही चालतो, पण तो सावलींतच. उन्हांत त्याच्या कड्या लवकर तुटतात. आणखी एक अडचण अशी कीं, हे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात व त्यास सिलिकोन किंवा एम-सील नीट धरत नाहीं. कांहीं दिवसांनीं सोलून निघतें. अशा डब्यास भोक बुजविण्याकरितां चिकटविण्याच्या वस्तूवर न विसंबतां ग्लँड बसवावा.

वायरीची व्यवस्था

ग्लँड म्हणजे वायर आवळून धरणारी, आंत रबर असलेली प्लास्टिकची नट-बोल्ट जोडी. दहा-वीस रुपयांस मिळते. एका ग्लँडमधून एकच गोल वायर न्यावी. दोन वायरी किंवा पीळ घातलेली जोडी कोंबल्यास मधल्या सांदींतून पाणी जातें. ग्लँड नेहमीं पेटीच्या तळाशीं बसवावा.

वायर पेटींत शिरण्यापूर्वीं ती पेटीच्या खालीं वीतभर उतरवून, वळसा देऊन मग वर न्यावी. वाहत आलेलें पाणी त्या वळशाच्या तळाशीं येऊन टपकतें व पेटीपर्यंत पोंचत नाहीं. या एका वळशास एक पैसाही पडत नाहीं आणि त्यानें जितकें काम होतें तितकें महागड्या पेटीनेंही होत नाहीं.

वायरीचे सांधे शक्य तर पेटींतच करावे. बाहेर करणें भाग पडल्यास नुसती काळी टेप गुंडाळूं नये. आमच्या उन्हाळ्यांत तिचा गोंद वितळतो व ती सुटते. आंतून गोंद असलेली, तापविल्यावर आकसणारी नळी मिळते. ती सांध्यावर चढवून तापवावी. टांका तापवून धातूनें जोडल्यावर नळी घातली तर सांधा वर्षानुवर्षें टिकतो.

बोर्डास लेप

पेटी कितीही चांगली असली तरी एक दिवस झांकण उघडें राहणार, हें गृहीत धरून बोर्डासही अंगचें कवच द्यावें. बाजारांत याकरितां ॲक्रिलिक लेपाचा फवारा मिळतो. तो महाग वाटल्यास नखांस लावावयाचें रंगहीन पॉलिश घ्यावें. लहान बोर्डास एक बाटली पुरून उरते.

कृति अशी: बोर्ड प्रथम चालवून तो ठीक आहे याची खात्री करावी. मग वीज तोडून जुन्या दांतघाशीनें व आयसोप्रोपिल अल्कोहोलनें टांके स्वच्छ करावे, कारण लेपाखालीं क्षार राहिल्यास तो आंतल्या आंत पोखरतो. पूर्ण वाळल्यावर पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा द्यावा. जाड एक हातापेक्षां पातळ दोन हात चांगले. पिना घालावयाच्या जागा, स्विच, सिम कार्डाची खांच, फिरविण्याच्या कळा आणि हवेंतील आर्द्रता मोजणारा मापक यांवर लेप लागूं देऊं नये. तेवढ्या जागा कागदी टेपनें झांकाव्या. हें काम विस्तवापासून दूर व हवेशीर जागीं करावें, कारण पॉलिश पेट घेतें. चोवीस तास गेल्याशिवाय वीज जोडूं नये.

तीन वस्तूंविषयीं सावध राहावें. पहिली, न्हाणीघरांत वापरतात तें आंबट वासाचें सिलिकोन. वाळतांना त्यांतून ॲसेटिक ॲसिड निघतें व तें तांब्यास गंजवितें. दुकानदाराकडे वास नसलेलें, ‘न्यूट्रल’ म्हणून मिळणारें सिलिकोन मागावें. दुसरी, मेणबत्तीचें मेण. तें ५०-६० अंशांस वितळतें व आपल्या उन्हांतील पेटी तितकी तापते. तिसरी, एपॉक्सी. तिच्यांत बोर्ड पूर्ण बुडविल्यास पाणी शिरत नाहीं हें खरें. परंतु पुढें एक तार तुटली तरी दुरुस्ती करतां येत नाहीं. जें पुन्हां कधीं उघडावयाचें नाहीं तेवढेंच एपॉक्सींत बुडवावें.

जमिनींतील ओलावा-मापक

हा मापक पाण्यांतच राहावयाचा, म्हणून त्याचा विचार वेगळा. दोन उघड्या धातूच्या शेंगांचा जो अतिस्वस्त मापक मिळतो, त्यांतून सतत प्रवाह वाहिल्यास त्याची एक शेंग कांहीं आठवड्यांत विरघळून जाते. तो घ्यावाच लागला तर मोजणीच्या क्षणापुरतीच त्यास वीज मिळेल अशी योजना बोर्डांत करावी. दिवसांतून चार मोजण्या पिकास पुरतात. त्यापेक्षां धातू उघडा नसलेला, धारकतेवर चालणारा मापक घेणें बरें. किंमत थोडी अधिक, आयुष्य पुष्कळ अधिक. तथापि त्याचीही एक दुखरी जागा आहे. त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात व त्यांतून पाणी थरांमध्यें चढतें. मग मापक सदा ‘जमीन ओली’ असेंच सांगतो व बाग तहानलेली राहते. यास्तव जमिनींत रोवण्यापूर्वीं चारही कडांस पॉलिशचे तीन हात द्यावे, वरच्या भागांतील सुटे भाग न्यूट्रल सिलिकोननें अथवा एपॉक्सीनें झांकावे, आणि गोंदाची नळी चढवावी.

ओलावा शोषणारे मणी

सिलिका जेलचे मणी आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकें पाणी सहज शोषतात. परंतु ते पूर्ण बंद पेटींतच उपयोगी. श्वास घेणाऱ्या पेटींत ठेवणें म्हणजे साऱ्या शिवारांतील हवा वाळविण्याचा यत्न होय. चार दिवसांत ते भरून जातात. निळ्या मण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून नारिंगी घ्यावे. ओलावा भरला कीं ते हिरवट होतात. स्वयंपाकास न लागणाऱ्या भांड्यांत मंद आंचेवर ते पुन्हां नारिंगी होईपर्यंत तापविले म्हणजे परत कामास येतात. तांदूळ हें काम जवळजवळ करीतच नाहींत व त्यांचें पीठ मात्र यंत्रांत जातें.

बसविण्यापूर्वीं परीक्षा

रिकाम्या पेटीची परीक्षा आधीं घ्यावी. बोर्ड घालून घेऊं नये. बंद पेटीस ग्लँड व वायरींचे तुकडे बसवून, आंत शाईच्या पेनानें रेघा मारलेला कागद ठेवावा. पेटी दुपारीं दोन तास उन्हांत तापवावी व तशीच गरम असतां माठाच्या गार पाण्याच्या बादलींत अर्धा तास दगड ठेवून बुडवावी. गरम पेटी निवतांना पाणी ओढते, म्हणून ही खरी कसोटी. गार पेटी बुडविणें ही नुसती समजूत होय. शाई पसरली नाहीं तर पेटी उत्तीर्ण. श्वास घेणाऱ्या पेटीस बुडवूं नये. तिच्यावर झारीनें सर्व बाजूंनीं दहा मिनिटें पाणी सोडावें व कागद पाहावा.

पुढें दर महिन्यास, आणि पावसाळ्यांत दर पंधरवड्यास, पेटी उघडून पाहावी. एका वहींत तारीख, आंत ओल होती किंवा नव्हती, मणी बदलले कीं नाहीं, एवढी नोंद ठेवावी. कोणती पेटी कोठें चुकते हें स्मरणापेक्षां वही अधिक खरें सांगते.

भिजल्यावर काय करावें

इतकें करूनही उपकरण भिजलें तर प्रथम वीज तोडावी. मोठ्या विजेचा स्टार्टर जवळ असल्यास व जमीन ओली असल्यास त्याच्याजवळही जाऊं नये. वायरमनकडून पुरवठा तोडून घ्यावा. नंतर लहान बोर्डाची बॅटरी काढावी. लिथियमची बॅटरी पाण्यांत बुडाली असल्यास ती पुन्हां वापरूं नये. घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी, कारण ती मागाहूनही पेट घेऊं शकते. चिखल लागलेला बोर्ड स्वच्छ पाण्यानें धुवावा. पाण्यानें भिजलेल्यास पुन्हां पाणी कां, असें वाटेल. परंतु मारक तो चिखलांतील क्षार आहे. मग अल्कोहोलनें धुऊन सावलींत पंख्याखालीं दोन-तीन दिवस वाळवावा. चालतो कीं नाहीं हें पाहण्याची घाई करूं नये. पुष्कळ बोर्ड पुरानें मरत नाहींत, त्या घाईनें मरतात.

खर्चाचा तपशील

पाइपाचा तुकडा घरचा; टोपी, सोल्युशनची लहान डबी, जाळी, दोन ग्लँड, पॉलिशची बाटली व हातभर गोंदाची नळी एवढें सामान साधारण तीन-चारशें रुपयांत येतें. तयार पेटी घेतल्यास शंभर-दोनशें अधिक. पैसा थोडाच असेल तर क्रम असा ठेवावा: प्रथम जागा व वायरीचा वळसा, कारण ते फुकट आहेत, मग खालीं तोंड असलेलें घर, मग बोर्डास लेप, आणि सर्वांच्या शेवटीं महागडी पेटी. पुष्कळ लोक हा क्रम उलटा धरतात व उन्हांत, वरून वायर घेऊन, उंची पेटी टांगतात.

तरुण मंडळींनीं घरीं जुळविलेलें यंत्र एक पावसाळा टिकलें, म्हणजे घरांतील वडिलांचा त्यावर विश्वास बसतो व पुढचें यंत्र करण्यास उत्तेजन मिळतें. तें पहिल्याच सरींत बंद पडलें तर दोन्ही गोष्टी जातात. यंदा मृगापूर्वीं प्रत्येकानें आपल्या शेतांतील एक पेटी तरी उतरवून तिचीं भोकें कोणत्या बाजूस आहेत हें पाहावें, आणि वर असलेलीं बुजवून खालीं करावीं. या रीतीनें केलेल्या पेट्या पुढील पावसाळ्यांत कशा राहिल्या, याची हकीकत वाचकांनीं मासिकाकडे कळविल्यास ती इतर शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल.